काखेत कळसा

"यांच्या या हाताचा भुगा पडतोय बघा. चादर झटकली की पांढरं पांढरं उडतं. कुणाला तरी दाखवा."

मावशींना बाबांच्या मदतीला येऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन पाच महिने. डावा हात मांडीवर ठेवला तर मांडीवर, उशीवर ठेवला तर उशीवर. हालचाल नव्हतीच, चिमटा काढला तरी त्यांना कळत नसे. मी तो हात उलटसुलट करून पाहिला. तळव्याची कातडी जाड झालेली, बोटांच्या बेचक्यांत राखाडी-पिवळट खपल्या, नखं फुगून पिवळी पडलेली. वापरात नसलेला हात असाच होत असणार, असं मी ठरवून टाकलं. "कोरडा पडलाय, तेल लावत जा," म्हणालो आणि मोकळा झालो. मावशी पुढे काही बोलल्या नाहीत. तेल लावत राहिल्या.

त्यानंतरच्या तीन महिन्यांत आमच्या घरात ज्याला त्याला आपला आपला वेगळा आजार होता.

माझ्यापासून सुरुवात करतो. मनगटांवर बारीक पुरळ उठलं, रात्री अंथरुणात शिरलं की खाज सुटायची. निदान मीच केलं: इसब. लहानपणी मला ते होतं, परत आलं असणार. कपाटात कधीतरीची अर्धी ट्यूब पडली होती, ती चोळली. ती स्टिरॉइडची होती हे मला माहीत होतं आणि नव्हतंही, म्हणजे वेष्टनावरचं बारीक अक्षर मी वाचलं नाही. दोन दिवसांत लाली उतरली, खाज निम्म्यावर आली आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झालो. महिन्याभरात पोटावर आणि मांड्यांवर लालसर चट्टे उठले. एका डॉक्टरांनी ते पाहून नायट्याचं मलम दिलं. आता माझ्याकडे दोन ट्यूब झाल्या.

ताई तिच्या सात महिन्यांच्या बाळाला घेऊन बाबांजवळ राहायला आली होती. रोज दुपारी ती बाळाला बाबांच्या डाव्या हाताच्या कुशीत निजवायची. हात हलत नसला तरी नातवाचं ओझं त्यावर असावं, त्यानं कदाचित जाग येईल, असं तिला वाटे. बाळाच्या तळपायांवर पाण्यानं भरलेले बारीक फोड आले, मग तळहातांवर, काखेत, डोक्यावरही. आधी विषाणूचा संसर्ग, आपोआप जाईल, असं ऐकायला मिळालं. तो गेला नाही. मग लहान मुलांचा एक्झिमा. बाळाला खाजवता येत नव्हतं. ते पाय एकमेकांवर घासायचं आणि रात्रभर किरकिर करायचं.

दाजींना काही झालं नव्हतं, असं आम्ही समजत होतो. जांघेत वाटाण्याएवढ्या चार तांबूस-तपकिरी गाठी घेऊन ते दोन महिने गप्प हिंडत होते आणि मनातल्या मनात आपलं मृत्युपत्र लिहीत होते, हे पुढे ताईकडून कळलं. आईच्या अंगावर तर शोधूनही पुरळ सापडेना. पाठ खाजायची, फक्त रात्री. तिला सांगण्यात आलं की वय झालं की कातडी कोरडी पडते आणि त्यात नवऱ्याची काळजी. झोपेची गोळी सुरू झाली.

आणि मग मावशींच्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, कमरेभोवती पुरळ दिसलं. पाहताक्षणी घरातल्या प्रत्येकाच्या तोंडात एकच शब्द आला. खरूज.

आमचं ते इसब, नायटा, व्हायरल, वय. त्यांची ती खरूज. हा शब्द इतके दिवस कुणालाच सुचला नव्हता, तो मावशींचे हात पाहिल्यावर एका क्षणात सुचला. कुणी आवाज चढवला नाही. "तुमच्याकडे घरी कुणाला आहे का?" असं आईनं हळू आवाजात विचारलं, त्यांनी नाही म्हटलं, आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला नाही. बरं वाटेपर्यंत येऊ नका, असं मीच सांगितलं. पगार पूर्ण दिला. पूर्ण पगार दिला की आपण काही वाईट वागलो नाही असं स्वतःला पटवणं सोपं जातं.

शेवटी मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो तो माझ्या पोटावरच्या नायट्यासाठी. त्यांनी पोटाकडे ओझरतं पाहिलं आणि माझी बोटं पसरून बेचकी निरखू लागल्या. घरात आणखी कुणाला खाज येते का? मी यादी सांगितली. आई, ताई, बाळ, दाजींबद्दल खात्री नाही, कामाला येणाऱ्या मावशींना होती. "आणि वडिलांना?"

"नाही, त्यांना एकट्यालाच नाही. त्यांना खाज अजिबात येत नाही."

"मग आधी त्यांनाच घेऊन या," त्या म्हणाल्या.

बाबांच्या तळव्यावरची एक खपली त्यांनी बोथट पात्यानं खरवडली, काचपट्टीवर तेलाचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. मग उठून मला म्हणाल्या, "बघा." मी बघितलं. एक गोल, पारदर्शक, ठेंगणा जीव, पुढचे आखूड पाय हलवत. त्याच्या शेजारी दुसरा. कडेला लांबट अंडी, मधूनमधून तपकिरी विष्ठेचे कण. एका खपलीच्या एवढ्याशा तुकड्यात मी मोजायला लागलो आणि बारापर्यंत येऊन थांबलो.

किडा म्हणायचं ते सवयीनं. त्याला पाय आठ, म्हणजे तो कोळी आणि गोचीड यांच्या गणगोतातला. मादी लांबीला ०.३ ते ०.४ मिलिमीटर, म्हणजे नजर चांगली असेल तर साध्या डोळ्यांना टिंबासारखी जेमतेम जाणवेल एवढी. ती कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरात बोगदा खणत जाते आणि रोज दोन-तीन अंडी मागे टाकते. महिना-दीड महिना हेच करून ती त्या बोगद्यातच मरते. उडी मारता येत नाही, उडता येत नाही. या माणसाच्या कातडीवरून त्या माणसाच्या कातडीवर जायला तिला निवांत, लांबलेला स्पर्श लागतो: हात हातात धरून बसणं, एका अंथरुणात झोपणं, आजाऱ्याला अंघोळ घालणं. कोरड्या उपचारानं जगणाऱ्याला ती सहसा होत नाही. माया करणाऱ्याला होते.

डॉक्टरांनी मग जे सांगितलं, त्यानं माझी समजूत मुळापासून उलटली. मी समजत होतो की किडा चावतो म्हणून खाजतं. तसं नाही. किडा, त्याची अंडी, त्याची विष्ठा यांच्याविरुद्ध आपल्या शरीराची जी तक्रार असते, ती म्हणजे खाज. आणि शरीर ही तक्रार करायला आधी शिकावं लागतं. पहिल्यांदाच लागण झाली असेल तर शिकायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर माणूस ठणठणीत असतो आणि आजार बिनबोभाट पसरवत असतो. दुसऱ्यांदा मात्र एक-दोन दिवसांतच अंग खाजायला लागतं, कारण आता ओळख पटलेली असते. थोडक्यात, खाज पाहुण्याची नसते, यजमानाची असते.

हे एकदा डोक्यात बसलं की आमच्या घरातले सगळे आजार उलगडत गेले. किडा सगळीकडे एकच होता, वेगवेगळी होती ती अंगं. माझ्या अंगाची तक्रार मी स्टिरॉइडनं दाबली. लाली गेली, खाज कमी झाली, किडे मात्र निर्धास्त झाले आणि पुरळाचं रूप इतकं पालटलं की ते नायट्यासारखं दिसू लागलं. वैद्यकात याला वेषांतर केलेली खरूज अशा अर्थाचंच नाव आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी हे मी ऐकून होतो. इथे तर आगीची घंटाच मी काढून ठेवली होती. बाळाची कातडी कोवळी. मोठ्यांमध्ये किडा सहसा मानेच्या वर जात नाही, तान्ह्यांमध्ये त्याला डोकं, चेहरा, तळवे, तळपाय कशाचंच वावडं नसतं, आणि कोवळी कातडी लगेच फोड धरते. दाजींच्या गाठी म्हणजे शरीरानं गरजेपेक्षा जास्त मनावर घेतलेली तक्रार. अशा गाठी काखेत, जांघेत, पुरुषांच्या गुप्तांगावर येतात आणि सगळे किडे मेल्यावरही महिनोन्‌महिने राहतात. हे ऐकून दाजींनी जो सुस्कारा सोडला तो शेजारच्या खोलीत ऐकू आला असणार. म्हाताऱ्या माणसांत कधीकधी मोठाले फोड येतात, अगदी फोडांच्या एखाद्या दुर्धर आजारासारखे, आणि रुग्ण चुकीच्या औषधांवर बराच काळ काढतो. आईचं त्या मानानं सौम्य. तिच्या पाठीवर काही नव्हतंच. डॉक्टरांनी भिंगाचं यंत्र तिच्या करंगळीच्या मुळाशी टेकवलं आणि मला पडद्यावर दाखवलं. एक इवलासा गडद त्रिकोण, त्याच्या मागे पुसट पांढरी रेघ. आकाशात विमान लांब गेल्यावर त्याच्या मागे धुराची रेघ राहते ना, तसं. महिनाभर झोपेची गोळी घेणाऱ्या बाईच्या करंगळीवर ते विमान उभं होतं.

शिकवताना म्हणे या रोगासाठी माणसाच्या आकृतीवर एक काल्पनिक वर्तुळ काढतात: काखा, कोपरं, मनगटं, बोटं, कंबर, जांघा. व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ हेब्रा यांचं नाव आहे त्याला. मी नंतर मनातल्या मनात घरातल्या सगळ्यांवर ते काढून पाहिलं. बरोबर बसलं ते एकट्या मावशींवर. वर्तुळात बसणारा माणूस ओळखता येतो, म्हणून संशयही आधी त्याच्यावरच जातो.

पण खरा धडा बाबांचा हात होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे केनेथ मेलन्बी या शास्त्रज्ञानं खरजेवर प्रयोग केले. युद्धात लढायला नकार देणारे तरुण स्वेच्छेनं त्यात सामील झाले होते. खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले कपडे अंगात घालून, त्यांची कांबळी पांघरून ते झोपले, आणि लागण झाली ती फार थोड्यांना. अंगाशी अंग लागल्यावर मात्र झाली. कपडे उकळत बसण्याचा खटाटोप बराचसा वाया जातो हे तेव्हा कळलं. याच मेलन्बीनं शेकडो रुग्णांच्या अंगावरच्या प्रौढ माद्या एकेक करून मोजल्या. सरासरी आली ११ च्या आसपास. एवढी झोप उडवणारी, एवढी बदनाम खरूज, आणि अख्ख्या देहावर अकरा जीव. बाकीचे कुठे जातात? आपण ते खाजवून टाकतो. खाजवणं असभ्य दिसतं खरं, पण बोगदे उखडतात ते त्यामुळेच.

आता असा हात डोळ्यांसमोर आणा ज्याला खाज कळत नाही. किंवा असं शरीर, ज्याची प्रतिकारशक्ती आजारानं वा औषधांनी खचलेली आहे. तिथे तक्रार करणारं कुणी नाही, उखडणारं कुणी नाही. अकराचे हजारो होतात, कधी लाखो, त्याहूनही जास्त. कातडी जाडजाड खपल्या धरते, नखांखाली वस्ती होते, आणि रुग्ण मात्र शांत असतो. भेगांतून जंतू आत शिरले तर रक्तापर्यंत पोहोचून जिवावर बेतू शकतं. सगळ्यात कमी खाजणारी खरूज ती सगळ्यात धोक्याची, आणि सगळ्यात जास्त पसरणारीही. कपड्यांबद्दलचा मेलन्बीचा दिलासा इथे चालत नाही, कारण गळणाऱ्या प्रत्येक भुसभुशीत कणाबरोबर किडे गळत असतात. चादर झटकली की पांढरं पांढरं उडतं ते हे.

या खपल्यांच्या खरजेला बरीच वर्षं नॉर्वेचं नाव चिकटून होतं. १८४८ मध्ये डॅनियलसन आणि बक या दोघांनी तिचं वर्णन केलं ते नॉर्वेतल्या कुष्ठरुग्णांमध्ये. संवेदना हरवलेले हात, खाज न कळणारे. वाचताना मला बाबांचा मांडीवर ठेवलेला हात दिसत होता.

आणखी एक वाचलं, ते मला जास्त लागलं. १६८७ मध्ये इटलीतल्या बोनोमो नावाच्या डॉक्टरनं, चेस्तोनी या औषधविक्रेत्याबरोबर, खरजेचा किडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. कासवासारखा दिसतो म्हणून लिहून ठेवलं. पण बघण्याची कल्पना त्याला सुचली कशी? त्यानंच सांगितलंय: गरीब बायका आपल्या मुलांच्या कातडीतून टाचणीच्या टोकानं काहीतरी बारीक उकरून काढताना त्यानं पाहिल्या होत्या. एखाद्या आजाराचं डोळ्यांना धड न दिसणारं कारण माणसाच्या हाती लागलं, त्याच्या अगदी पहिल्या घटनांतली ही. तरी बहुतेक वैद्य खरूज म्हणजे रक्तातला दोष हेच धरून बसले. पुढे १८१२ मध्ये पॅरिसमध्ये गालेस नावाच्या एकानं किडा सापडला म्हणून बक्षीस मिळवलं आणि नंतर निघाला तो चीजमधला किडा. खरजेचा किडा सापडेना, म्हणून तो नसतोच असं शहाणी माणसं म्हणू लागली. शेवटी १८३४ मध्ये कॉर्सिका बेटावरून आलेला रेनुची नावाचा एक विद्यार्थी पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात सगळ्यांसमोर उभा राहिला आणि सुईनं किडा काढून दाखवला. फोडात नाही, फोडापासून निघालेल्या रेघेच्या टोकाशी. हे तो कुठे शिकला? गावाकडच्या बायका काढताना पाहिलं होतं.

दोन्ही वेळा त्या बायका. त्यांची नावं कुठे नाहीत.

घरी येऊन मी हिशेब मांडला. मावशी आल्या त्या आठवड्यातच हाताचा भुगा त्यांनी दाखवला होता. म्हणजे खपल्या त्यांच्याआधीच्या. त्यांना खाज सुटली सहाव्या आठवड्यात, म्हणजे अंगाला तक्रार शिकायला लागतात तेवढ्याच दिवसांनी. पाटीवर मांडण्याइतकं सोपं गणित होतं. त्यांनी आमच्या घरात काही आणलं नव्हतं, आमच्या घरातून नेलं होतं. बाबांकडे ती मुळात कुठून आली हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. झटक्यानंतर ते किती हातांतून गेले, किती खाटांवरून, ते सांगता येणार नाही.

उपचारांचं फार सांगण्यासारखं नाही. सगळ्यांनी एकाच दिवशी करायचे, खाज असो नसो. यात पळवाट नाही. आम्हाला परमेथ्रिनचं मलम मानेपासून पायाच्या नखांपर्यंत, रात्रभर, आठवड्यानं पुन्हा. बाळाला डोळे-तोंड सोडून डोक्यालाही. बाबांना मलमाबरोबर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्यांचे बरेच डोस, खपल्या मऊ करणारं वेगळं मलम, नखं अगदी मुळापर्यंत कापून ब्रशनं साफ. माझ्या दोन्ही ट्यूब कचऱ्यात गेल्या.

आईचं प्रकरण थोडं लांबलं. किडे गेल्यावरही दोन ते चार आठवडे अंग खाजू शकतं, मेलेल्यांबद्दलची तक्रार चालूच राहते. तिला ते पटेना. ती चादरीवरचे तंतू, धुळीचे कण वेचून एका डबीत साठवू लागली आणि ती डबी घेऊन डॉक्टरांकडे गेली. मला वाटलं त्या हसतील. त्यांनी डबीतला एकेक कण शांतपणे काचपट्टीवर ठेवून पाहिला, आईलाही दाखवला. दोरा. कापूस. दोरा. अशा डब्या घेऊन येणारी माणसं त्यांना नवी नव्हती. काहींच्या डोक्यातून किडे वर्षानुवर्षं जात नाहीत, आणि तो मग कातडीचा आजार राहत नाही. आईच्या डोक्यातून महिन्याभरात गेले.

मावशींना फोन करणं मी चार दिवस टाळलं. पाचव्या दिवशी केला तो माफीसाठी नव्हे, असं मी स्वतःला बजावलं. त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनीही एकाच दिवशी औषध घ्यायला हवं होतं म्हणून केला. सगळं सांगितलं. कुठून कुणाला गेली तेही सांगितलं, शब्द चाचपडत. पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

"म्हणजे तो हात होता तर," मावशी म्हणाल्या. मग विचारलं, "आता भुगा पडतो का?"

"नाही. साफ झालाय."

"मग तेल लावताय ना?"

त्या पुन्हा आल्या नाहीत, तोवर त्यांना दुसरीकडे काम लागलं होतं. औषधं मी त्यांच्या घरी नेऊन दिली. दारातच उभा राहिलो. त्यांनी आत बोलावलं, पण मी गेलो नाही. त्याचं कारण मी किड्यावर ढकलू शकलो असतो.

परवा दुपारी बाबांनी हाक मारली. उजव्या खांद्याच्या मागे खाजत होतं, तिथे त्यांचा चांगला हातही पोहोचत नाही. "जरा इथं खाजव रे."

"थांबा," म्हणालो, आणि आधी टॉर्च आणायला गेलो. सदरा वर करून पाठ पाहिली, खांदा पाहिला, काख पाहिली. बाबा ताटकळले. "अरे, सापडलं का काही?"

"काही नाही, बाबा."

"मग खाजव की आता!"